मैलांचे नाणे आणि रुपयाचे नाणे



वाण्याचे दुकान हीच गावची सारी बाजारपेठ होती त्या काळी, मीठ-मिरची आणावयास आलेल्या पोराच्या हातावर वाणी गुळाचा एखादा खडा किंवा थोडे फुटाणे ठेवीत असे. त्या खड्याची किंमत कवडीइतकीच. परंतु दुसऱ्या दिवशी तेच पोर वाटेतली दोन दुकाने ओलांडून नेमके त्याच दुकानाशी येई. धान्याच्या बाजारात मापारी पहिले माप 'एक' असे न म्हणता 'लाभ' असे म्हणून मोजी, आणि घेणाराचे समाधान व्हावे म्हणून माप थोडे झुकते ठेवी. गिऱ्हाईक बांधून ठेवण्याच्या ह्या जुन्या युक्त्या होत. आज विमान-कंपन्या, हॉटेले व बँका ह्यांनी तीच युक्ती उचलली आहे. फरक इतकाच की, वाण्याचा खडा तेथल्या तेथे तोंडात पडे. आजचा खडा वहीत लिहून ठेवितात आणि 'पुढे केव्हातरी देऊ' म्हणून सांगतात. वहीतल्या ह्या खड्यास कोणी मैल म्हणतात, कोणी पॉइंट म्हणतात. त्याची खरी किंमत काय, तो येतो कोठून आणि जातो कोठे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. जिल्ह्यात प्रवासी विमानांचा तळ नाही. रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या माणसास विमानात बसावयाचे तर नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर ह्यांसारखे शहर गाठावे लागते. मग विमानाच्या मैलांची चर्चा येथे कशास, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, येथे विमान उतरत नसले तरी विमानाचे मैल केव्हाच उतरले आहेत. कोणाचा मुलगा पुण्यास नोकरीला आहे, कोणाची मुलगी बंगळुरास आहे; कोणाचा भाचा दुबईस, तर कोणाची नात अमेरिकेत. त्यांच्या खिशात बँकेचे क्रेडिट कार्ड असते, त्या कार्डावर मैल साठतात, आणि 'बाबा, ह्या खेपेस तुमचे तिकीट मैलांवर काढतो' असा निरोप गावी येतो. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाल्यापासून कारंजा व मालेगाव ह्या भागांतून नागपूरचा विमानतळ गाठणेही पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे. ज्या घरांनी आजवर विमान केवळ आभाळात पाहिले, त्या घरांतून आता विमानात बसणारी माणसे निघू लागली आहेत. तेव्हा ह्या नव्या नाण्याची पारख ज्याची त्याने करून घेणे इष्ट होय.

प्रथम ही व्यवस्था कशी चालते ते पाहू. एखाद्या विमान-कंपनीचे सभासद व्हावयाचे. त्यास बहुधा काही पडत नाही. मग त्या कंपनीच्या प्रत्येक प्रवासागणिक आपल्या खात्यावर काही अंक जमा होतात. पूर्वी हे अंक प्रवासाच्या अंतरावर मोजीत, म्हणून त्यांस मैल हे नाव पडले. अलीकडे अनेक कंपन्यांनी अंतराचे माप सोडून तिकिटास मोजलेल्या पैशांचे माप धरले आहे. एअर इंडियाने हा बदल २०२४ साली केला. हॉटेलांतही तसेच. मुक्कामाचे जेवढे बिल, तेवढ्या प्रमाणात पॉइंट. पुरेसे अंक जमले म्हणजे त्यांच्या मोबदल्यात एखादे तिकीट किंवा एखाद्या रात्रीची खोली मिळते.

ही कल्पना विमानांपेक्षा जुनी आहे. अमेरिकेत १८९६ साली स्पेरी आणि हचिन्सन ह्या कंपनीने हिरव्या तिकिटांची प्रथा सुरू केली. दुकानदाराने मालाबरोबर गिऱ्हाइकास डिंक लावलेली तिकिटे द्यावी, गिऱ्हाइकाने ती घरी वहीत चिकटवावी, आणि वह्या भरल्या म्हणजे त्या देऊन भांडी, दिवे, खुर्च्या घ्याव्या, असा तो प्रकार. तेथे १९७८ च्या कायद्याने विमान-वाहतुकीवरील दरांची बंधने उठली. कंपन्यांची चढाओढ सुरू झाली. आणि १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या प्रवाशांसाठी मैलांची योजना काढली. युनायटेड कंपनीने थोड्याच दिवसांत तिचा कित्ता गिरविला. १९८३ पर्यंत हॉलिडे इन व मॅरियट ही हॉटेलेही त्या वाटेला लागली.

हिंदुस्थानात १९५३ च्या कायद्याने विमान-वाहतूक सरकारच्या हाती गेली होती. प्रवाशास निवडीचा प्रश्नच नव्हता, आणि जेथे निवड नाही तेथे मनधरणीही नसते. नव्वदच्या दशकात हे दार किलकिले झाले. जेट एअरवेजची विमाने ५ मे १९९३ पासून उडू लागली, आणि १९५३ चा कायदा १९९४ साली रद्द झाला. जेट कंपनीची 'जेट प्रिव्हिलेज' ही योजना आणि एअर इंडियाची 'फ्लाइंग रिटर्न्स' ही योजना ह्याच सुमाराची. पुढे विस्तारा ही कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत वर्ग झाले, आणि त्या योजनेस 'महाराजा क्लब' असे नाव मिळाले. हा महाराजा म्हणजे १९४६ साली बॉबी कूका ह्यांच्या कल्पनेतून व उमेश राव ह्यांच्या कुंचल्यातून उतरलेला, कमरेत लवून स्वागत करणारा तोच मिशाळ महाराजा. इंडिगो कंपनीनेही २०२४ साली 'ब्लूचिप' नावाची आपली योजना काढली.

आता असा प्रश्न येतो की, हजारो रुपयांचे तिकीट कंपनीस फुकट देणे परवडते कसे? ह्याचे उत्तर आठवडी बाजारात सापडते. सकाळी मेथीच्या जुडीचा भाव चढा असतो. दिवेलागणीस तीच जुडी बाई निम्म्या भावाने देऊन टाकते, कारण रात्र उलटली की ती गुरांपुढेच टाकावयाची. विमानातली आसने अशीच नाशवंत असतात. विमान जमिनीवरून उचलले त्या क्षणी रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. हॉटेलची रिकामी खोली पहाट झाली की त्या रात्रीपुरती वाया गेली. म्हणून जी आसने व ज्या खोल्या एरवी रिकाम्या राहावयाच्या, त्या मैलांवर देऊन टाकल्या तर देणाराचे फारसे काही जात नाही, आणि घेणारा मात्र जन्माचा बांधला जातो. दिवाळीत किंवा उन्हाळ्याच्या सुटीत जेव्हा आसने हातोहात विकली जातात, तेव्हा मैलांवरचे तिकीट एकतर मिळत नाही किंवा त्यास दुप्पट मैल मागतात, ह्याचेही कारण हेच. सकाळच्या बाजारात कोणी मेथी वाटीत नाही.

येथवरचा व्यवहार गुळाच्या खड्यासारखाच सरळ होता. परंतु लवकरच कंपन्यांच्या असे ध्यानात आले की, हे मैल नुसते वाटावयाचे नसून विकावयाचेही आहेत. कोणास? बँकांस. बँक विमान-कंपनीकडून रोख पैसे देऊन मैल घाऊक विकत घेते, आणि आपले कार्ड वापरणारास ते किरकोळ वाटते. म्हणजे विमान-कंपनी ही आता एक टांकसाळ झाली. नाणे ती पाडते, त्याची किंमत ती ठरविते, आणि पुढे त्या नाण्याने काय मिळावे हेही तीच सांगते. ही टांकसाळ किती मोलाची असते त्याचा प्रत्यय २०२० साली आला. करोनाच्या साथीत विमाने जमिनीवर खिळून राहिली, तिकिटे खपेनात. तेव्हा युनायटेड कंपनीने आपली मैलांची योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. डेल्टा कंपनीने त्याच साली ९०० कोटी. आणि अमेरिकन एअरलाइन्सने २०२१ साली १,००० कोटी डॉलर. सावकाराने विमानांपेक्षा मैलांच्या वहीवर अधिक भरवसा ठेवावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

बँक तरी मैल विकत घेण्यास पैसा कोठून आणते? हा ह्या विषयाचा गाभा होय. गिऱ्हाइकाने दुकानात क्रेडिट कार्डाने १,००० रुपये दिले, तर दुकानदाराच्या पदरात पूर्ण १,००० पडत नाहीत. साधारण दोन टक्के मध्ये कापले जातात असे धरले, तर २० रुपये गेले. त्यांतला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेस जातो, आणि त्या वाट्यातला एक हिस्सा मैलांच्या रूपाने कार्डवाल्याच्या खात्यावर येतो. दुकानदार हे २० रुपये आपल्या घरून आणीत नाही. तो ते मालाच्या भावात मिळवितो. आणि भाव तर सर्वांना एकच असतो. म्हणजे त्याच दुकानात सोयाबीनची पट्टी झाल्यावर रोख नोटा मोजून लुगडे घेणारी शेतकरीण त्या २० रुपयांतला आपला वाटा भरते, आणि विमानाचे मैल मात्र दुसऱ्याच्या खात्यावर चढतात.

ही केवळ तर्काची गोष्ट नव्हे. अमेरिकेतील बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली ह्याचा हिशेब मांडला. त्यांस असे आढळले की, रोखीने व्यवहार करणारे कुटुंब दरसाल सरासरी १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या पदरात टाकते, आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबास सरासरी १,१३३ डॉलर मिळतात. तो हिशेब तेथला आहे, येथला नव्हे. परंतु पाण्याचा उतार कोणत्या बाजूस आहे ते त्यावरून कळते.

आपल्याकडे ह्याचा पडताळा पाहण्याचे एक सोपे साधन आहे. फोनवरून यूपीआयने पैसे देण्याची पद्धत २०१६ साली सुरू झाली. आज पानाच्या ठेल्यापासून कृषी-केंद्रापर्यंत सर्वत्र ती चालते. आपल्या बचत खात्यातून अशा रीतीने पैसे दिले, तर क्रेडिट कार्डासारखे मैल का मिळत नाहीत? कारण जानेवारी २०२० पासून सरकारने अशा देण्यावर दुकानदाराकडून कापावयाची रक्कम शून्य केली आहे. जेथे कापाकाप नाही, तेथे वाटावयास काही उरतच नाही. मैल आभाळातून पडत नाहीत. ते कोणाच्या तरी खिशातून निघतात, हे ह्याहून स्पष्ट कोण सांगणार?

आता ह्या नाण्याच्या टिकाऊपणाकडे वळू. विद्यार्थ्यास परीक्षेत मिळालेले गुण निकालानंतर कोणी काढून घेत नाही. पॉइंट ह्या शब्दासही आपण गुण म्हणतो, परंतु हे गुण तसे नव्हेत. बहुतेक योजनांच्या नियमांत असे कलम असते की, हे मैल सभासदाच्या मालकीचे नसून कंपनी ते केव्हाही बदलू शकते. त्यांस मुदत असते. ती टळली की ते जातात. सभासद मरण पावला तर काही योजनांत त्याचे मैल त्याच्याबरोबरच संपतात. काहींत वारसाने अर्ज-विनंत्या केल्यास मिळतात. आयुष्यभर जमविलेली शेती सात-बारावर मुलांच्या नावे चढते, पोस्टातली रक्कम नामनिर्देशिताच्या हाती येते. मैलांच्या बाबतीत असा भरवसा नाही.

कंपनीच बुडाली तर काय होते, त्याचीही उदाहरणे दूरची नाहीत. किंगफिशर ही कंपनी २००५ साली मोठ्या थाटाने निघाली. 'किंग क्लब' नावाची तिची योजना होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिची उड्डाणे थांबली, आणि सभासदांपाशी मैल असूनही ते मोजून बसावयास विमान उरले नाही. जेट एअरवेजची कथा थोडी निराळी. तिची मैलांची योजना आधीच वेगळ्या कंपनीच्या स्वाधीन केलेली होती, आणि अबूधाबीच्या एतिहाद कंपनीने २०१४ साली तिचा ५०.१ टक्के हिस्सा १५ कोटी डॉलरांस घेतला होता. त्यामुळे १७ एप्रिल २०१९ रोजी जेटची विमाने थांबली, तरी मैलांची वही तेवढी वाचली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिला 'इंटरमाइल्स' असे नवे नाव मिळाले. परंतु ज्या विमानांवर बसण्यासाठी लोकांनी ते मैल साठविले होते, ती विमानेच गेली. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेट एअरवेजचे विसर्जन करण्याचा हुकूम दिला. घरचा मालक गेला, आणि हिशेबाची वही दुसऱ्याच्या दुकानी चालू राहिली, असा तो प्रकार झाला.

कंपनी बुडाली नाही तरी नाणे झिजते. पूर्वी अनेक कंपन्या एक तक्ता छापीत. अमुक अंतरास इतके मैल असे त्यात स्पष्ट लिहिलेले असे, आणि सभासदास किती जमवावयाचे ते आधी ठाऊक असे. डेल्टाने हा तक्ता २०१५ साली काढून टाकला, युनायटेडने २०१९ साली, आणि मॅरियटने २०२२ साली ठराविक दरांची पद्धत सोडली. आता त्या दिवशी जो भाव निघेल तो खरा. काल १०,००० मैलांस मिळणारे आसन आज १५,००० मागते, आणि त्याविरुद्ध दाद कोठे मागावी हे सभासदास समजत नाही. उलट ह्या बाबतीत सरळ रीतीही आहेत. टाटांच्या उद्योगांनी, ज्यांत १९०३ साली मुंबईस उघडलेल्या ताजमहाल हॉटेलच्या कंपनीचा समावेश आहे, २०२२ साली एक सामाईक योजना काढली, आणि तीत एक नाणे म्हणजे एक रुपया असे जाहीर केले. जेथे किंमत रुपयांत सांगितलेली असते, तेथे फसगतीस जागा थोडी.

ह्या ठिकाणी आपल्या एस.टी.ची आठवण केल्यावाचून राहवत नाही. 'आवडेल तेथे प्रवास' हा तिचा पास सर्वांच्या परिचयाचा आहे. ठरलेल्या दिवसांस ठरलेली रक्कम, आणि मग हवे तेथे हिंडा. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण केलेल्या वृद्धांस तिने प्रवास मोफत केला, आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस निम्मे भाडे लावले. ह्या सवलतीस खाते लागत नाही, पूर्वी किती प्रवास केला ते कोणी विचारीत नाही. पोहरादेवीच्या यात्रेस निघालेल्या म्हातारीस वाहक वयाचा दाखला तेवढा मागतो. अशा सवलतीही काढून घेतल्या जात नाहीत असे नव्हे. रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली. परंतु त्याबद्दल संसदेत प्रश्न विचारले गेले, वर्तमानपत्रांनी लिहिले, मंत्र्यांस उत्तरे द्यावी लागली. मैलांचा भाव एका रात्रीत बदलला, तर कोणत्या सभेत कोणी प्रश्न विचारावयाचा? लोकांनी दिलेली सवलत आणि व्यापाऱ्याने दाखविलेले आमिष ह्यांतला हा भेद सदैव ध्यानी ठेवावा.

तर मग हे मैल टाकून द्यावे काय? मुळीच नाही. पदरात पडलेला गुळाचा खडा कोणी फेकून देत नाही. फक्त त्याचा हिशेब करता आला पाहिजे, आणि तो हिशेब शाळेतल्या त्रैराशिकापलीकडचा नाही. समजा, नागपुराहून एका गावी जाण्याचे तिकीट रोखीने ६,००० रुपयांस आहे. कंपनी म्हणते, १०,००० मैल द्या आणि कराचे १,००० रुपये द्या. तेव्हा १०,००० मैलांनी आपले ५,००० रुपये वाचविले; एका मैलाची किंमत ५० पैसे झाली. परंतु त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीचे तिकीट ३,५०० रुपयांस मिळत असेल, तर वाचले केवळ २,५००, आणि मैलाची किंमत २५ पैशांवर आली. कारण रोखीने घ्यावयाचे असते तर शहाण्या माणसाने ३,५०० चेच तिकीट घेतले असते. जाहिरातीत सांगितलेली किंमत निराळी. आपण खरोखर खर्चिले असते त्या पैशांशी ताडून पाहिलेली किंमत निराळी. ही दुसरी किंमत तीच खरी.

दुसरे गणित ह्याहून महत्त्वाचे आहे. क्रेडिट कार्डाचे बिल मुदतीत पूर्ण भरले नाही, तर बाकीवर व्याज चढते. दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले, तर १ लाख रुपयांच्या बाकीवर महिन्यास ३,५०० आणि वर्षास, व्याजावरचे व्याज न धरताही, ४२,००० रुपये होतात. त्याच १ लाखाच्या खर्चावर मिळालेल्या मैलांची किंमत उदारपणे दोन टक्के धरली, तरी ती २,००० रुपये होते. दोन हजारांच्या लाभासाठी बेचाळीस हजारांचा भुर्दंड! खेड्यातल्या सावकाराच्या दारातून ज्या घराने मोठ्या कष्टाने पाय मागे घेतला, त्या घरच्या मुलाने शहरात जाऊन रंगीत कार्डाच्या दाराने तेथेच पुन्हा शिरावे, ही खेदाची गोष्ट होईल. कार्डाचे बिल जो प्रत्येक महिन्यास पै न पै फेडू शकतो, त्यानेच मैलांचा विचार करावा. इतरांनी त्या वाटेस जाऊ नये.

हिशेबी माणूस ह्या खेळात कंपनीवर मात करू शकतो, ह्याचेही एक गमतीचे उदाहरण आहे. १९९९ साली अमेरिकेत एका खाद्यपदार्थांच्या कंपनीने आपल्या मालावरील पट्ट्या परत पाठविणारास विमानाचे मैल देऊ केले. एका अभियंत्याने नियम नीट वाचले, सर्वांत स्वस्त पदार्थ कोणता ते शोधिले, आणि पुडिंगच्या १२,१५० वाट्या ३,१४० डॉलरांस विकत घेतल्या. एवढ्या पट्ट्या सोडवावयाच्या कोणी? त्याने ते पुडिंग एका धर्मादाय संस्थेस दिले, आणि तिच्या स्वयंसेवकांनी त्याच्या पट्ट्या सोडवून दिल्या. त्यास साडेबारा लाखांवर मैल मिळाले, भुकेल्यांस पुडिंग मिळाले. परंतु ह्या कथेने कोणी भुलून जाऊ नये. तो जिंकला, कारण त्याने आधी हिशेब केला आणि मग खरेदी केली. मैलांमागे धावणारे बहुतेक लोक आधी खरेदी करतात आणि हिशेब कधीच करीत नाहीत.

एक प्रश्न नीतीचाही आहे. प्रवासाचा खर्च कचेरी करते आणि मैल मात्र नोकराच्या खात्यावर चढतात. मग स्वस्त विमान सोडून आपले मैल वाढविणारे महाग विमान निवडण्याचा मोह होतो. धन्याच्या धान्यातून आपल्या कोंबड्यांस दाणे टाकण्यासारखेच हे झाले. जर्मनीत २००२ साली सरकारी प्रवासावर मिळालेले मैल खासगी प्रवासास वापरल्याचे उघडकीस आले, तेव्हा बर्लिनचे मंत्री ग्रेगोर गीझी ह्यांनी पदाचा राजीनामा दिला. रक्कम मोठी नव्हती. विश्वास मोठा होता. येथेही सार्वजनिक पैशाने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने हा दंडक स्वतःहून पाळावा.

ह्या सर्व विवेचनातून व्यवहाराचे नियम थोडकेच निघतात. जो वर्षा-दोन वर्षांतून एकदा विमानात बसतो, त्याने मैलांचा नाद सोडावा आणि स्वस्तातले चांगले तिकीट घ्यावे. त्याचे मैल उपयोगाइतके जमण्यापूर्वीच मुदत संपते. ज्यास नोकरीधंद्यामुळे वारंवार जावे लागते, त्याने एक किंवा दोनच योजना धराव्या. दहा ठिकाणी थोडे थोडे साठवून कोठेच पुरे होत नाही. मैलांसाठी म्हणून एकही रुपया जादा खर्चू नये. जो खर्च एरवीही करावयाचाच होता, त्यावर आपोआप येतील तेवढे घ्यावे. आणि जमले की वापरावे. धान्य कणगीत साठविले तर दुष्काळात उपयोगी पडते; बर्फ कणगीत साठवून काय होणार? मैल हे बर्फाच्या जातीचे आहेत. ज्याचा भाव दुसरा ठरवितो आणि ज्याची मुदत दुसरा लिहितो, असे धन दीर्घकाळ साठविण्यात शहाणपण नाही.

जो मुलगा आपल्या आई-बापांचे पहिले विमान-तिकीट मैलांवर काढतो, त्याने ते पुढल्या वर्षावर ढकलू नये. मैलांची किंमत तोवर घटेल हे एक कारण. आणि आई-बापांचे गुडघेही तोवर आजच्यासारखे राहतील असा भरवसा नाही, हे दुसरे. ज्या म्हाताऱ्याने उभा जन्म एस.टी.च्या आसनावर काढला, त्यास खिडकीशी बसवून ढगांवरून एकदा नेले, तर त्या मैलांचे सोने झाले असे समजावे. टांकसाळवाल्या कंपनीस त्याची किंमत ठरविता येणार नाही; आणि एकदा झालेला प्रवास कोणत्याही नियमाच्या कलमाने परतही घेता येणार नाही.